मागून येणारा आवाज

आजकालच्या पोरांचं फुटबॉल बघवत नाही हो. गोल झाला की बचावातले चौघेही एकमेकांकडे हात करून उभे. तुझा होता, नाही तुझा होता. अरे, देवानं तोंड दिलंय ना तुम्हाला? आमच्या पेत्रोखोरी गावात स्तेर्योस आणि झीसिस खेळायचे तेव्हा बचाव कानांनी खेळला जायचा.

स्तेर्योस पुढे, झीसिस मागे. स्तेर्योसनं समोरच्या गड्याला गोचिडासारखं चिकटायचं, त्याच्याबरोबर उडी मारायची, त्याची कोपरं खायची आणि पंचाचं लक्ष नसेल तेव्हा दोन द्यायची. झीसिसनं मागे राहून सगळं मैदान बघायचं. उंचावरून बॉल आला की मागून आरोळी यायची, "सोड! माझा!" आणि स्तेर्योस सोडायचा. मान वळवून बघायचं नाही, हा दोघांनी शाळेमागच्या धुळीत ठरवलेला नियम. ज्याला बघावं लागतं त्याचा विश्वास नाही, असं झीसिस म्हणे. तेव्हा दोघांना धड मिसरूड फुटलं नव्हतं.

दोघांच्याही आयांची आधीची मुलं दगावलेली. अशा घरात आमच्याकडे पुढच्या पोराचं नाव नुसतं आजोबांचं म्हणून ठेवत नाहीत. एकाचं ठेवलं झीसिस, म्हणजे जगणारा. दुसऱ्याचं स्तेर्योस, म्हणजे टिकणारा. टिकणारा टिकला. जगणाऱ्याचं काय झालं ते सांगतो.

जवळच्या कार्दित्सा शहराच्या संघानं दोघांना एकदमच उचललं. झीसिसकडे बापाची जुनी पिकअप होती, तीत बसून दोघं कापसाच्या शेतांमधून सरावाला जायचे आणि यायचे. झीसिस वाटभर शीळ घालायचा, तीही बेसूर. स्तेर्योसच्या डोक्यात मात्र एकच किडा होता, अथेन्स. बापानं सरकी काढायच्या कारखान्यात फुप्फुसं भरून कापूस ओढला होता, रात्ररात्र खोकायचा. त्या कारखान्याच्या फाटकातून आपण आत जायचं नाही, एवढं या पोरानं मनाशी घट्ट धरलं होतं.

आणि एका रविवारी अथेन्सच्या संघासाठी गडी हेरणारी माणसं खरंच आली. दोघे, लांब कोट घातलेले, वरच्या रांगेत बसले. सगळ्या गावाला ठाऊक होतं ती कोणासाठी आलीत. स्तेर्योस त्या दिवशी असा खेळला, की समोरचा सेंटर फॉरवर्ड अर्गिरिस, मोठा नकलाकार आणि बडबड्या, त्याचीसुद्धा बोलती बंद झाली होती. सामना संपत आला. मध्यातून एक लांब बॉल आला, अगदी सोपा, डोक्यानं परत पाठवायचा एवढंच. स्तेर्योस उडी मारणार तोच मागून आलं, "सोड! माझा!"

त्यानं सोडला. मागे कोणी नव्हतं. झीसिस पार डावीकडे, धावत येत होता. अर्गिरिसनं बॉल छातीवर घेतला आणि जाळ्यात टाकला. कोटवाले उठून गेले.

कपडे बदलायच्या खोलीत प्रशिक्षक पिसाळला. "कोण ओरडलं? कोणाच्या घशात आग लागली होती?"

झीसिसनं बूट सोडता सोडता हात वर केला. "मी ओरडलो, साहेब. मग पाय घसरला."

परतीच्या वाटेवर तो शीळ घालायला लागला. कालव्याच्या पुलावर स्तेर्योस म्हणाला, "गाडी थांबव." खाली उतरला, काचेतून आत वाकला, आणि आमच्याकडे शत्रूलाही जो शाप देत नाहीत तो त्यानं दिला. "मेल्यावर मातीनं तुला घेऊ नये!"

बाकी शिव्या आम्ही पाण्यासारख्या देतो. बायको नवऱ्याला देते, नवरा गाढवाला देतो, संध्याकाळी सगळे एका ताटात जेवतात. पण हा शाप वेगळा. आमच्याकडे मेलेला माणूस थडग्यात कायमचा राहत नाही. काही वर्षांनी त्याला वर काढतात, हाडं वाइननं धुतात, पांढऱ्या कापडात बांधून चर्चमागच्या अस्थिघरात त्याच्या माणसांशेजारी ठेवतात. तेव्हा कुठे तो सुटला. ज्याला मातीनं घेतलं नाही, तो ना इकडचा ना तिकडचा.

झीसिस हसला. "बरं बाबा. मग रोज सकाळी तुझ्या दारात येऊन बसेन. कॉफी तरी पाजशील ना?"

स्तेर्योस तिथून चालत घरी आला.

त्यानंतर दोघं बोलेनासे झाले. मैदानात तेवढं मागून यायचं, "सोड! माझा!" आणि स्तेर्योस सोडायचा, कारण धंदा म्हणजे धंदा. हिवाळ्यात एका सकाळी धुकं असं उतरलं होतं की स्वतःचा हात दिसेना. झीसिसची पिकअप त्याच पुलावरून कालव्यात गेली. स्तेर्योसनं शवपेटीला खांदा दिला. रडला नाही, आणि लोक म्हणाले, बघा, दगड झालाय बिचारा.

उन्हाळ्यात कोटवाले परत आले. त्यातला म्हातारा म्हणाला, "आम्ही चौकशी केली होती. त्या दिवशीची चूक तुझी नव्हती, मागच्याची होती. त्यानं स्वतः कबूल केलं होतं म्हणे." स्तेर्योसनं मान हलवली. खरंच होतं ना ते? मग त्याला इतकं गार का वाटलं, हे त्यालाही कळलं नाही.

अथेन्समध्ये त्यानं नाव काढलं हो, खोटं कशाला बोलू! पेपरवाले त्याला 'कुलूप' म्हणायला लागले. पोलिक्सेनीशी लग्न झालं, मुलगी झाली. आमच्या चौकातल्या कॉफीच्या दुकानात त्याचा फोटो लागला, तो अजून आहे, माश्यांनी घाण केलेला. आणि मग असिमिनाकाकीचा निरोप गेला. झीसिसची आई ती. निरोप एवढाच, पोराला वर काढायचंय, ये.

तो आला. गावच्या बाया काळ्या कपड्यांत थडग्याभोवती बसल्या होत्या, झीसिसला नावानं हाक मारून रडगाणी म्हणत होत्या. असिमिनाकाकीच्या हातात वाइननं भरलेला वाडगा होता. खणणारा कोत्सिओस फळीपर्यंत गेला, फळी उचलली आणि लगेच परत ठेवली. पण स्तेर्योस काठावरच होता, त्याला दिसायचं ते दिसलं. लग्नासाठी शिवून ठेवलेला निळा सूट तसाच. वर आलेला हात तसाच.

"चिकणमाती आहे," आमचे पाद्रीबाबा पापा-थिमिओस घाईघाईनं म्हणाले, "कालव्याचं पाणी झिरपतं इथे. होतं असं कधीकधी."

"हो, पाणीच," कोत्सिओस म्हणाला आणि त्यानं छातीवर तीनदा क्रूस काढला.  असिमिनाकाकीनं वाडगा तसाच छातीशी धरला आणि एक थेंब न सांडता घरी परत नेला.

पुढच्या रविवारी तिनं सगळ्या गावाला थडग्यावर बोलावलं. असं झालं की आमच्यात बोलावतातच. ज्याचं ज्याचं मेलेल्याशी काही वाकडं असेल त्यानं यावं, थडग्यावर पाणी ओतावं आणि म्हणावं, माझ्याकडून तुला माफ आहे. रांग लागली. कुणाची कोंबडी झीसिसच्या गाडीखाली आली होती, कुणाच्या पोरीला त्यानं शीळ घातली होती. स्तेर्योसही आला. पाणी ओतलं, तोंडानं म्हणाला, "माझ्याकडून तुला माफ." आणि आतून म्हणाला, पण गोल तुझ्यामुळेच झाला. म्हातारी त्याच्याकडे बघत होती. तो नजर चुकवून निघाला आणि रात्रीच्या बसनं अथेन्सला गेला.

त्या आठवड्यातच मोठा सामना होता. सगळं मैदान भरलेलं, कानठळ्या बसवणारा गोंगाट. कोपऱ्यावरून बॉल आला, स्तेर्योस उडी मारायला वाकला आणि त्या सगळ्या गोंगाटातून, मानेला श्वास लागावा इतक्या जवळून आलं, "सोड! माझा!"

त्यानं सोडला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, कुलूप उघडंच राहिलं. प्रशिक्षकानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मागून कोणीतरी ओरडलं." मागे होता तो गोलकीपर, आणि तो शपथेवर सांगत होता की मी तोंड उघडलं नाही. खोलीत पोरं हसली. नंतर परत तेच झालं. तेव्हा यानं ठरवलं, आवाज आला की सोडायचं नाही, काय वाट्टेल ते होवो. आवाज आला, यानं सोडलं नाही, आणि तो आवाज त्या वेळी खराच गोलकीपरचा होता. टकरीत बिचाऱ्याच्या गालाचं हाड मोडलं. त्यानंतर कुणी याच्या पुढे खेळायला तयार नव्हतं, ना मागे.

मग घसरगुंडी. आधी बाकावर, मग बेटावरच्या एका संघात, मग डोंगरातल्या, जिथे मैदानात बकऱ्या चरतात. शेवटी पेत्रोखोरी. आणि काम कुठे मिळालं? सरकीच्या कारखान्यात, त्याच फाटकातून आत.

आवाजही गावात आला. शेतात आला, चर्चमध्ये आला. मुलीला कडेवर घेतलं असताना एकदा आला, तेव्हापासून स्तेर्योस तिला कडेवर घेईना. पोरीला वाटे, बापाचं आपल्यावर प्रेम नाही. सकाळी दाराबाहेर खुर्ची सरकल्यासारखं वाटे. पोलिक्सेनी एकदा लवकर उठली तर कॉफीचा एक पेला ओट्यावर, दुसरा दाराबाहेर.

"दुसरा कोणाचा?"

"माझाच. मला दोन लागतात."

"मग एक दाराबाहेर का ठेवलास?"

 बाई शहाणी, परत विचारलं नाही. पण माहेरी आईला म्हणाली, "आमच्या घरात तीन माणसं नाहीत गं, चार आहेत."

अशी वर्षं गेली. असिमिनाकाकी वाकली, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला. या वर्षी द्राक्षं उतरली की पोराला पुन्हा वर काढायचं, असं तिनं पाद्रीबाबांना सांगून टाकलं. "त्याच्या बापाशेजारी ठेवीन आणि मग मी मरायला मोकळी. या वेळीही तो आला नाही, तर मी काय तोंड घेऊन खाली जाऊ?" हे स्तेर्योसच्याही कानावर आलं. गावात कोणाला ठाऊक असो नसो, त्याला ठाऊक होतं. चिकणमाती नव्हती ती.

आणि कलिंगडांच्या दिवसांत एक ट्रक गावात आला. वर कर्णा लावलेला. "लाल भडक! साखर फिकी पडेल! सुरी लावून बघा, नाही आवडलं तर माझ्या डोक्यावर फोडा!" चौकात ट्रक थांबला, आतून ढेरी आधी उतरली, मग माणूस. तो होता अर्गिरिस, तोच सेंटर फॉरवर्ड. कॉफीच्या दुकानात त्यानं भिंतीवरचा फोटो बघितला, खाली बसलेला माणूस बघितला आणि टेबलावर थाप मारली.

"अरे कुलूप! जिवंत आहेस होय? ये, त्सिपुरो माझ्याकडून! मंडळी, ह्याच्या कोपरांनी माझ्या दोन बरगड्या खाल्ल्यात, ऐका!"

दारूचा पहिला पेला झाला, दुसरा झाला. अर्गिरिसनं आमच्या पाद्रीबाबांची नक्कल केली, मंत्र्याची केली, म्हशीची केली. लोक हसून हसून बेजार. "आणि माझी सगळ्यात भारी नक्कल कोणावर चालली, सांगू? ह्याच्यावर! अर्धा सामना मागचा तो झीसिस बोंबलत होता. माझ्या कानात बसलं ना ते. म्हटलं, बघू तरी. पंचाची शिटी बसली असती तर बसली असती. ओरडलो, आणि हा शहाणा खाली वाकला! थांबा, ऐकवतो."

कोणी अडवायच्या आत तो ट्रककडे गेला आणि त्यानं कर्ण्याच्या माइकला तोंड लावलं.

"सोड! माझा!"

चौकातल्या चिनारावरून पाखरं उठली. हुबेहूब झीसिस. दुकानातलं हसू बंद पडलं, कारण आम्हा सगळ्यांना तो आवाज ठाऊक होता. स्तेर्योस उभा राहिला होता, खुर्ची मागे पडली होती. मी ओरडलो साहेब, मग पाय घसरला. झीसिस ओरडलाच नव्हता. अथेन्सवाल्यांसमोर चूक याची ठरू नये म्हणून त्यानं बूट सोडता सोडता हात वर केला होता. आणि पुलावर शाप घेऊन हसला होता.

समोरच्या गल्लीतून असिमिनाकाकी बाहेर आली. पायात घरातली सपाता, हाताला पीठ. चौकाच्या मधोमध येऊन थांबली, चांगला डोळा चारी बाजूंना फिरवत.

"कोणी हाक मारली?" तिनं विचारलं. "माझ्या पोरासारखी कोणी मारली हाक?"

अर्गिरिसचा चेहरा पांढरा पडला. दांडगा गडी, पण कलिंगडामागे लपायला बघत होता. स्तेर्योसनं पुढे होऊन म्हातारीचा दंड धरला. "चल काकी. घरी चल."

घरी तिनं त्याला बस म्हटलं नाही. तो उभ्यानंच बोलला. पुलावरचं सगळं सांगितलं, शाप जसाच्या तसा सांगितला. "काकी, तो माझ्यामुळे अडकलाय. मी दिला तो शाप."

"माहीत आहे मला."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"त्याच रात्री सांगितलं त्यानं. जेवताना. हसत होता गाढव. 'आई, स्तेर्योसनं आज मला मातीचा शाप घातला. दोन दिवसांत उतरेल त्याचं भूत.' दोन दिवसांत!" तिनं ओट्यावर हात आपटला, पीठ उडालं. "सगळ्या गावाला बोलावलं होतं मी थडग्यावर. कोंबडीवाल्यांसाठी बोलावलं होतं? तुझ्या एकट्यासाठी बोलावलं होतं रे! आणि तू काय केलंस? पाणी ओतून बस पकडलीस!"

"मला वाटत होतं, गोल त्याच्यामुळे झाला."

"झाला असता, तरी काय? एका गोलासाठी?"

 मग त्यानं तिला कर्ण्याचं सांगितलं, हात वर केल्याचं सांगितलं. हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ती खाली बसली आणि तिनं पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं. "लहानपणापासून असाच होता," ती म्हणाली. "काच कोणीही फोडायचं, मार हा खायचा."

मग तिनं तोंडावरचं पीठ पुसलं. "या वेळी हाडं तू धुवायचीस."

"ते बायकांचं काम, काकी. लोक हसतील."

"हसू देत. आणि तो आलाच नाही, तर पुन्हा पुरायचं, आणि पुढल्या वेळी पुन्हा तूच यायचंस. मी नसले तरी."

द्राक्षं उतरली. त्या सकाळी स्तेर्योसनं दाराबाहेर पेला ठेवला नाही, तो पेला थडग्यावर घेऊन गेला आणि कॉफी मातीवर ओतली. बाया जमल्या. त्यांच्यात गुडघ्यावर बसलेला हा एवढा थोरला पुरुष, पण कोणी हसलं नाही. कोत्सिओस खणायला लागण्याआधी स्तेर्योसनं दोन्ही तळवे मातीवर ठेवले. तुला माफ आहे, हे शब्द सगळ्यांना अपेक्षित होते. तो म्हणाला, "झीसी, मला माफ कर. तू ओरडला नव्हतास. मला आता कळलं." आणि खांद्यावरून पेटी उतरवल्यापासून जो रडला नव्हता, तो ओक्साबोक्शी रडला. माझ्याही डोळ्यांना धार लागली, लाज कसली त्यात!

कोत्सिओस फळीपर्यंत गेला. थांबला.  त्यानं फळी उचलली, बराच वेळ वाकून बघितलं आणि मान वर केली.

"काकी," तो म्हणाला, "आला गं तुझा पोरगा."

हाडं स्वच्छ निघाली, मेणासारखी पिवळी, सुटलेल्या माणसाची असतात तशी. निळ्या सुटाची फक्त बटणं उरली होती. पाण्यामुळे लागला असेल वेळ, पापा-थिमिओस म्हणतात तसं. म्हणोत. स्तेर्योस परातीपाशी बसून एकेक हाड वाइननं धूत होता, बाया ती कापडावर मांडत होत्या. शेवटी कवटी आली. ती त्यानं हळूहळू धुतली, कपाळ, डोळ्यांच्या खोबणी, दात. समोरचा एक दात अर्धा होता. तो यानंच शाळेमागच्या मैदानात डोक्यानं तोडला होता.

कवटी धुऊन झाली, तरी त्याच्या हातातून सुटेना. बाया वाट बघत राहिल्या. पाद्रीबाबा खाकरले. त्यानं ती दोन्ही तळव्यांत धरून ठेवली होती, बॉल धरतात तशी, आणि बोटं पांढरी पडली होती. इतकी वर्षं मागून आवाज यायचा, तेवढाच झीसिस त्याच्याकडे उरला होता. तोही आता जाणार, हे त्याला कळत होतं.

असिमिनाकाकी पांढरं कापड पसरून त्याच्या पाठीमागे आली.

"सोड रे," ती म्हणाली. "माझा आहे तो."

स्तेर्योसनं मागे वळून बघितलं नाही. हात खांद्यावरून मागे नेले आणि बोटं सैल केली. मागे ती होती. तिनं घेतला.